हलवून पाहिलं का? एंडोमेट्रिओसिस आणि सोनोग्राफीतला एक हलका धक्का

माजलगावकडची एकतीस वर्षांची बाई समोर बसली होती. कापडी पिशवीतून तिनं रिपोर्टांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर एकावर एक मांडला. चार सोनोग्राफ्या आणि चारही रिपोर्टांच्या शेवटी एकच शब्द: नॉर्मल. "मॅडम, समदे म्हनतेत काईच नाई. मंग पाळी आली की संडासला बसवंना, ते कामून?" गठ्ठ्यातल्या तिसऱ्या रिपोर्टावर माझीच सही होती, तीन वर्षांपूर्वीची.

त्या दिवशी मी तीच तपासणी पुन्हा केली, पण एक गोष्ट जास्तीची केली. सोनोग्राफीच्या दांडीनं, म्हणजे प्रोबनं, गर्भाशयाच्या तोंडाला हळूच ढकललं आणि पडद्याकडं बघत राहिले. निरोगी पोटात अशा वेळी गर्भाशयामागचं आतडं त्याच्या पाठीवरून अलगद घसरत जातं. इथं आतडं घसरलं नाही. गर्भाशय जितकं हललं तितकंच तेही हललं, दोघांना मिळून टाके घातल्यासारखं. आणि ढकलताक्षणी बाई म्हणाली, "हां, हेच. हेच दुखतंय."

या धक्क्याचा अर्थ काय, तो प्रत्येक तपासणीत का दिला जात नाही आणि बाईनं तो मागून का घ्यावा, हे सांगायला हे लिहितेय.

आजार नेमका काय आहे

गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असतं. ते दर महिन्याला जाड होतं आणि पाळीत गळून बाहेर पडतं. याच अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर, म्हणजे बीजकोशावर, आतड्यावर, मूत्राशयावर किंवा पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर वाढू लागल्या, की त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. शरीरातल्या संप्रेरकांप्रमाणे या पेशीही सुजतात, त्यांच्यातूनही रक्त पाझरतं. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग तिथं सूज येते, शरीर ती जागा भरून काढायला धावतं आणि व्रण तयार होतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की शेजारशेजारचे अवयव व्रणाच्या धाग्यांनी एकमेकांना चिकटतात. या धाग्यांना आम्ही चिकटण म्हणतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या दर १० बायकांमागे साधारण एकीला हा आजार असतो. जगभरात मिळून सुमारे १९ कोटी. पाळीत असह्य कळा, कंबर धरणं, पाळीच्या दिवसांत संडासला किंवा लघवीला दुखणं, नवरा-बायकोच्या संबंधांत खोलवर दुखणं, दिवस न राहणं, ही त्याची नेहमीची लक्षणं. यातलं एकही आपल्याकडं मोकळेपणानं बोललं जात नाही. "पाळी म्हटल्यावर दुखणारच", "लेकरू झालं की थांबतंय", असं आई सांगते, सासू सांगते, आणि बाई ते अंगावर काढत राहते. निदानाला अनेक वर्षं लागतात, आणि हे फक्त आपल्याकडं नाही, जगभर आहे. पण दवाखान्यात पोचलेल्या बाईचंही निदान हुकतं, त्याचं एक कारण आमच्या तपासण्यांच्या पद्धतीत आहे.

तव्यावरची भाकरी

पोटातले अवयव जागच्या जागी ठोकून बसवलेले नसतात. मूत्राशय भरतं, रिकामं होतं. आतड्यात वारा फिरतो. बाई वाकते, पाणी शेंदते, गाडीत बसून हादरे खाते. प्रत्येक वेळी हे अवयव एकमेकांवरून थोडे थोडे सरकतात. त्यांच्यावर एक पातळ, ओलसर, गुळगुळीत पडदा असतो, म्हणून सरकताना काहीच जाणवत नाही.

आता तव्यावरच्या ज्वारीच्या भाकरीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. भाकरी तव्याला चिकटलीय की सुटी आहे, हे फोटोत कळेल का? नाही कळणार. गोल तोच, रंग तोच. उलथनं लावून जरा ढकललं की लगेच कळतं. सुटी असेल तर फिरते, चिकटली असेल तर जागची हलत नाही किंवा फाटते. चुलीसमोर बसणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही.

नेहमीची सोनोग्राफी बहुतांशी फोटोवर चालते. गर्भाशय एवढ्या सेंटिमीटरचं, बीजकोश एवढे, गाठ नाही, पाणी नाही. सगळी मापं बरोबर, म्हणून नॉर्मल. पण चिकटणीला माप नसतं. तिला स्वतःचा असा ठळक आकारही बहुतेक वेळा नसतो. दोन अवयवांमधलं मोकळेपण हरवणं, हीच ती चिकटण, आणि मोकळेपण बघायचं तर हलवावंच लागतं.

ही चिकटण सर्वांत जास्त घात करते ती गर्भाशय आणि त्यामागचं गुदाशय, म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, यांच्यामधल्या खोलगट फटीत. जेम्स डग्लस या स्कॉटिश शरीररचनातज्ज्ञाच्या नावावरून तिला डग्लस पाऊच म्हणतात. बाई उभी असताना पोटाच्या पोकळीतली ही सर्वांत खालची जागा. शेतातल्या सखल कोपऱ्यात जसं पाणी साचतं, तसं पोटात पाझरलेलं काहीही इथंच येऊन थांबतं. आजार वाढला तर ही फट बुजते, गर्भाशयाची पाठ आणि आतड्याचा पुढचा भाग जोडले जातात. पाळीत संडासला बसवत नाही, ते बऱ्याचदा यामुळं.

तपासणीत काय करतात

ही तपासणी योनीमार्गातून होते. प्रोब अंगठ्याएवढ्या जाडीचा असतो, त्यावर निरोध आणि जेल लावतात. पोटावरून करायच्या सोनोग्राफीला पाणी पिऊन लघवी तुंबवून बसावं लागतं, ते इथं नको. उलट लघवी करून यायचं. थोडी राहिली तर बिघडत नाही, मूत्राशयाची भिंत नीट दिसायला मदतच होते. यात क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी असतात.

आधी गर्भाशय आणि बीजकोश पाहतात. बीजकोशात जुन्या रक्ताची गाठ असेल तर ती पडद्यावर घासलेल्या काचेसारखी धुरकट, एकसारखी दिसते. हीच ती चॉकलेट सिस्ट, आतल्या द्रवाच्या तपकिरी रंगावरून नाव पडलेली. ती सहज दिसते, म्हणून बहुतेक रिपोर्टांत सापडते. आणि नेमका तिथंच घोळ होतो. सिस्ट नाही म्हणजे आजार नाही, असं बाई समजते आणि कधी कधी डॉक्टरही.

मग खरा भाग. प्रोबच्या टोकानं गर्भाशयाच्या तोंडावर हळूच दाब देतात आणि गुदाशयाची पुढची भिंत त्यावरून सरकते का, हे बघतात. त्यानंतर दुसरा हात बाईच्या ओटीपोटावर ठेवतात आणि गर्भाशयाला आतला प्रोब नि बाहेरचा हात यांच्यामध्ये हलकेच झुलवतात. आता लक्ष गर्भाशयाच्या वरच्या भागावर: तिथं आतडं पाठीवरून घसरतंय का? दोन्ही ठिकाणी सरकलं तर फट मोकळी. एका जरी ठिकाणी अडकलं तर फट बुजलेली असण्याची दाट शंका. याला स्लायडिंग साइन म्हणतात, म्हणजे सरकतंय की नाही याची खूण. सगळं मिळून एक-दोन मिनिटांचं काम.

तसाच धक्का बीजकोशांनाही देतात. सुटा बीजकोश पाण्यातल्या लिंबासारखा बाजूला होतो. चिकटलेला गर्भाशयाला नाही तर ओटीपोटाच्या भिंतीला धरून बसतो. कधी दोन्ही बीजकोश मागं ओढले जाऊन गर्भाशयामागं एकमेकांना येऊन टेकतात. असं चित्र दिसलं की आजार बराच पुढं गेलाय, हे धरून चालावं. पुढच्या बाजूला मूत्राशय आणि गर्भाशय यांच्यातही हीच परीक्षा करता येते.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, धक्का देताना विचारायचं: इथं दुखतंय का? इथं? नेमकं कुठं? बाईचं उत्तर हा तपासणीचाच भाग आहे. २०१६ मध्ये एंडोमेट्रिओसिसच्या सोनोग्राफीबद्दल आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एकमतानं जी पद्धत ठरवून दिली, तिच्या चार पायऱ्यांत हे दुखणं विचारणं आणि हे सरकणं तपासणं, दोन्ही आहेत.

"निगेटिव्ह" वाचून हायसं वाटून घेऊ नका

इथं एक फसगत होते. आपल्याला सवय आहे की कावीळ निगेटिव्ह, डेंगी निगेटिव्ह म्हणजे चांगलं. स्लायडिंग साइनचं उलटं आहे. पॉझिटिव्ह म्हणजे सरकतंय, म्हणजे ठीक. निगेटिव्ह म्हणजे सरकत नाही, म्हणजे चिकटलंय. "निगेटिव्ह हाय, देवाची कृपा" म्हणत घरी गेलेली एक आजी मला आठवते. नातीचा रिपोर्ट होता तो. त्या दिवसापासून मी रिपोर्टात "सरकतं" किंवा "सरकत नाही" असं मराठीतही लिहिते.

मग सगळीकडं हे का करत नाहीत?

माझ्या स्वतःच्या सहीचा रिपोर्ट समोर होता, म्हणून आधी माझंच सांगते. मला हे शिकवलं गेलं नव्हतं. बाहेर वीस पोटुश्या बाया रांगेत होत्या आणि मी पोटावरून बघून मापं लिहिली. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही खोलवरची जागा नीट दिसतच नाही.

आपल्या भागात सोनोग्राफी म्हटलं की लेकरू बघायचं मशीन, हे डोक्यात पक्कं बसलंय. "येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही" ही पाटी प्रत्येक सेंटरवर असते, ती कायद्यानं असायलाच हवी आणि बीड जिल्ह्याला ती का हवी हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पण त्यामुळं हे मशीन दुसऱ्या दुखण्यासाठीही आहे, हे मागं पडलं. बाई पाळीच्या दुखण्यासाठी सोनोग्राफीला येते तेव्हा ती स्वतःच संकोचलेली असते, आणि आम्ही घाईत.

शिकायला मात्र हे फार अवघड नाही. ज्यांना स्त्रियांच्या सोनोग्राफीचा सराव आहे त्यांना साधारण ४० तपासण्या केल्यावर हे भरवशानं जमतं, असं अभ्यासांत दिसलंय. नवं मशीन लागत नाही, नवा खर्च नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि बाईचं ऐकून घ्यायची तयारी.

दुर्बिणीशिवाय खात्री कशी?

पूर्वी पोटात दुर्बीण घालून, म्हणजे लॅप्रोस्कोपी करून, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या आजाराचं निदान पक्कं मानत नसत. अजूनही बरेच जण तेच सांगतात. पण युरोपातल्या मानवी प्रजनन आणि भ्रूणशास्त्र तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत ही भूमिका बदलली. निव्वळ निदानासाठी सगळ्यांनाच भूल देऊन दुर्बीण घालायची गरज नाही. चित्रतपासणीत काही सापडलं नाही किंवा औषधांनी उतार पडला नाही, तर तिचा विचार करायचा.

सरकण्याची ही खूण किती भरवशाची? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० बायकांची आधी अशी सोनोग्राफी केली आणि मग दुर्बिणीतून पाहिलं. ३० जणींची फट खरोखर बुजलेली निघाली, त्यातल्या २५ जणी सोनोग्राफीनं बरोबर ओळखल्या होत्या. उरलेल्या ७० जणींपैकी ६८ जणींबद्दलचं "मोकळं आहे" हे उत्तरही बरोबर होतं. म्हणजे "चिकटलंय" असं सोनोग्राफीनं सांगितलं तर ते सहसा खोटं निघत नाही. पण तीसमधल्या पाच जणी सुटल्या, हेही विसरायचं नाही.

त्यात आणखी एक गोष्ट. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावर वरवर पसरलेले बारीक डाग असतात, चिकटण अजून झालेली नसते, अशा बायकांत सगळं छान सरकतं. त्यांचं दुखणं तरीही खरंच असतं. आजार किती पसरलाय आणि किती दुखतंय, यांचं गणित जुळतंच असं नाही. तेव्हा धक्का देऊन पाहिलं आणि सगळं सरकलं, तरी "तुला काही झालेलं नाही" असं कुणी म्हणू नये. लक्षणांवरून औषध सुरू करता येतं.

एमआरआय कधी?

आतड्यात आजार किती खोल गेलाय, मूत्रनलिकेला धरलंय का, हे ऑपरेशनआधी नकाशासारखं समोर हवं असेल, किंवा योनीमार्गातून तपासणी करायची नसेल, तर एमआरआय कामी येतो. त्यातही क्ष-किरण नाहीत. सिटी स्कॅन या कामाला फारसा उपयोगी नाही.

पण नेहमीचा एमआरआयसुद्धा स्थिर चित्रच. आतडं वळवळलं तर चित्र हलतं, म्हणून आधी आतड्याची हालचाल थांबवणारं इंजेक्शनही बरेचदा देतात. म्हणजे जे बघायचंय तेच थांबवायचं! त्यावर उपाय म्हणून सिने-एमआरआय नावाची रीत आलीय. एकाच जागेची भराभर चित्रं घेतात आणि ती सिनेमासारखी चालवून बघतात: श्वासाबरोबर, आतड्याच्या हालचालीबरोबर कोण कुणावरून सरकतंय आणि कोण जोडीनं ओढलं जातंय. हे अजून सगळीकडं रुळलेलं नाही. मोजक्याच ठिकाणी होतं. आपल्या हाताशी जे आहे, त्यात नीट केलेली सोनोग्राफीच पहिली.

लग्न न झालेल्या मुलीचं काय?

हा प्रश्न जवळपास रोज येतो, बहुतेक वेळा आईच्या डोळ्यांतून. ज्या मुलीचा शरीरसंबंध आलेला नाही, तिची योनीमार्गातून तपासणी आपल्याकडं करत नाहीत. तिला पोटावरून सोनोग्राफी आणि गरज पडली तर एमआरआय. गुदमार्गातूनही सोनोग्राफी होते आणि ही जागा त्यातून चांगली दिसते, पण मुलीला आधी नीट समजावून सांगून आणि तिची संमती असेल तरच. संमतीचं हे लग्न झालेल्या बाईलाही लागू. खोलीत बाई मदतनीस हवी. दुखलं तर "थांबा" म्हणायचा तिला हक्क आहे आणि म्हटल्यावर थांबलं पाहिजे.

चिकटलं म्हणजे हाच आजार, आणि हाच आजार म्हणजे ऑपरेशन?

दोन्ही नाही. सिझेरियन झालं असेल तर गर्भाशय पुढच्या बाजूला मूत्राशयाला किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतं. अपेंडिक्स फुटून गेलेलं असेल, ओटीपोटात जंतुसंसर्ग झाला असेल, तरी चिकटण होते. आपल्या देशात गर्भाशय आणि गर्भनलिकांचा क्षयरोगही लक्षात ठेवावाच लागतो. म्हणून आधीची ऑपरेशनं आणि आजार डॉक्टरांना सांगा. सरकत नाही एवढं चित्र सांगतं. का सरकत नाही, ते चित्र, लक्षणं आणि बाईची हकिगत एकत्र ठेवून ठरवावं लागतं.

उपचार बाईला काय हवंय त्यावर ठरतो. दुखणं थांबवायचं असेल तर संप्रेरकांच्या गोळ्यांनी पुष्कळ जणींना आराम पडतो. गोळ्यांनी सूज आणि वेदना कमी होतात, झालेली चिकटण मात्र विरघळत नाही. मूल हवं असेल तर या गोळ्या चालत नाहीत, कारण त्यांनी बीज तयार होणं थांबतं. तिथं वाट वेगळी. ऑपरेशन करायचंच ठरलं, तर हा धक्का सगळ्यांत जास्त तेव्हा उपयोगी पडतो. फट बुजलेली आहे हे आधी कळलं तर आतड्याचे सर्जन सोबत घेता येतात, योग्य जागी पाठवता येतं. नाही तर पोट उघडल्यावर कळतं, आणि मग अर्ध्यावर बंद करावं लागतं किंवा आतड्याला इजा होते.

अशा बाईच्या मूत्रपिंडांकडंही एक नजर टाकायला सांगा. व्रणांनी मूत्रनलिका आवळली तर मूत्रपिंड सुजत जातं, आणि कित्येकदा काहीच दुखत नाही.

"पिशवीच काढून टाका"

हे वाक्य मराठवाड्यात किती सहज ऐकू येतं! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न गाजला. राज्य सरकारनं समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. फडात पाळीसाठी सुट्टी नाही, खाडा झाला की मजुरी कापली जाते, आणि कुणीतरी म्हणतं, काढून टाक, कटकट मिटेल.

त्यातल्या किती जणींना एंडोमेट्रिओसिस होता, याचा हिशेब कुणी मांडू शकणार नाही, मीही मांडत नाही. पण ज्या बाईला तो आहे तिच्याबद्दल एक गोष्ट पक्की आहे. हा आजार गर्भाशयाच्या बाहेरचा आहे. आतड्यावरचे, पडद्यावरचे डाग तसेच ठेवून नुसती पिशवी काढली, तर दुखणं राहू शकतं. वर, मागं आतडं चिकटलेलं असताना ती काढणं जास्त धोक्याचं. योग्य वेळी, योग्य बाईसाठी गर्भाशय काढणं हा उपचार असतोही, ते मी नाकारत नाही. पण पाळीच्या दुखण्यासाठी कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर सही करण्याआधी विचारायचं: योनीमार्गातून सोनोग्राफी झाली का? आतडं गर्भाशयावरून सरकतंय का ते हलवून पाहिलं का? रिपोर्टात तसं लिहिलंय का?

हे प्रश्न विचारले म्हणून कुणी डॉक्टर रागावले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडं जा.

माजलगावच्या ताईंना मी रिपोर्टाबरोबर हलत्या चित्राची छोटी क्लिपही त्यांच्या फोनवर दिली. तीन वर्षांपूर्वी मी हे बघायला हवं होतं, तेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, मान हलवली फक्त. चिठ्ठी घेऊन त्या बाहेर गेल्या. नवरा बाकावर बसला होता. दार उघडंच होतं, म्हणून मला ऐकू आलं. फोन त्याच्यापुढं धरून त्या म्हणत होत्या, "हे बगा. हितं हालाया पायजे व्हतं. हालंना." त्यानं ती क्लिप पुन्हा लावायला सांगितली.